स्पीकर टाकू नका, आधी कपाटावरून उतरवा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. यजमानांनी १९८८ साली घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर अजून घरात आहेत. सीडी प्लेअर बंद पडला, पण शास्त्रीय गाण्याच्या दोनेकशे सीडी नीट आहेत. मुलाने ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर जोडून दिलाय. मोबाइलवरून गाणं लागतं, पण तानपुरा कोरडा वाटतो आणि गाणारा नेमका कुठे बसलाय ते कळत नाही. डावा स्पीकर कपाटावर आहे, उजवा टीव्हीशेजारी. आवाज वाढवताना खरखर होते. मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं काढून साउंडबार घेऊ." पंचवीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. काय करू?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, यातलं काहीही भंगारात देऊ नका. गेली तीस वर्षं मी असे अ‍ॅम्प्लिफायर उघडतोय. त्या काळचा ट्रान्सफॉर्मर आणि लाकडी खोकं सहसा दगा देत नाही. खराब होतात त्या आजूबाजूच्या छोट्या गोष्टी. तुमची खरखर बहुधा व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे बटणामागच्या फिरत्या भागात, साचलेल्या धुळीची आहे. कारागिराकडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या. स्पीकरची जाळी काढून कोनाभोवतीची, म्हणजे आतल्या थरथरणाऱ्या पडद्याभोवतीची, रिंग पाहा. ती फोमची असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत कुजते, बोट लावलं की भुसा पडतो. रिंग बदलून मिळते, त्यासाठी स्पीकर बदलावा लागत नाही.

आता गाणारा कुठे बसलाय त्याबद्दल. हे पैशांनी सुटणारं नाही, जागेने सुटेल. दोन्ही स्पीकर एकाच उंचीवर, बसल्यावर कान येतो त्या पातळीला ठेवा. दोघांत सहा-सात फूट अंतर, आणि तुमची खुर्ची दोघांपासून तेवढ्याच लांब. स्पीकर मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे घ्या, नाहीतर डग्गा घुमत राहतो. झोपाळ्यावर बसून ऐकायला हरकत नाही, पण जागा ठरवताना मात्र खुर्चीत स्थिर बसा.

मग एक तपासणी कराच. स्पीकरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवा आणि त्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. लाल तारेला सेलची धन बाजू लावल्यावर कोन बाहेर यायला हवा, दोन्हीकडे सारखाच. एकीकडे आत गेला तर त्या बाजूची जोडणी उलटी आहे. तारा परत जोडल्या की एखादं ७८ आरपीएमच्या काळातलं जुनं ध्वनिमुद्रण लावा. ती मोनो असतात, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज जातो. जोडणी बरोबर असेल तर स्वर दोघांच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून येतो. मला आजही त्या रिकाम्या जागेतून आवाज उमटला की अंगावर काटा येतो. साउंडबार टीव्हीच्या बातम्यांना ठीक आहे, पण हाताच्या अंतरावर बसवलेले दोन कोन ही बैठक मांडू शकत नाहीत.

तानपुऱ्याच्या कोरडेपणाचं कारण मात्र बहुधा ब्लूटूथ. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथची साधी एसबीसी पद्धत सव्वातीनशेच्या आसपासच पाठवते. जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेतल्या गुंजनाची, जी बारीक झळाळी असते, ती अशा काटछाटीत आधी जाते. त्यामुळे खर्च इथे करा : वायफायवर चालणारा, आत चांगला डॅक असलेला स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून किंवा पेन ड्राइव्हवरून गाणं वाजवणारा डबा, घ्या. डॅक म्हणजे आकड्यांचा पुन्हा विद्युत-संकेत करणारा भाग. स्ट्रीमर तुमच्या रकमेत बसतो. पेन ड्राइव्ह लावायची सोय आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. स्ट्रीमर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ऑक्स, टेप किंवा ट्यूनर लिहिलंय तिथे जोडा. फोनोला कधीच नाही. ती जागा तबकडीच्या सुईच्या अगदी क्षीण संकेतासाठी असते आणि तिथे आवाज फाटतो.

सीडी मुलाकडून कॉम्प्युटरवर फ्लॅक स्वरूपात उतरवून घ्या. त्यात काहीही गाळलं जात नाही, तरी जागा साधारण निम्मी लागते. दोनशे सीडी १२८ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मावतील. दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. एमपीथ्री करू देऊ नका, त्यात आवाजाची काटछाट होते आणि मग पुन्हा तेवढीच मेहनत करावी लागेल.

उतरवताना तुम्ही शेजारी बसा. कॉम्प्युटर इंटरनेटवरून जी नावं भरतो, त्यात बहुतेकदा गायक आणि राग एवढंच येतं. तबला कोणाचा, हार्मोनियम कोणाची, मागे तानपुऱ्यावर कोण, हे सीडीच्या आतल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ते वाचून एकेक नाव टाइप करायला सांगा.