अमेरिकेत घरामागं डेक बांधायचाय? आधी परमिट काढ

खानापूरहून मिशिगनला यायचं ठरलंय, घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात मागं लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, स्वतः बांधणार, त्याला परवानगी लागते काय आणि आपल्या बेळगावात लावतात तसा एजंट लावावा काय, असं विचारलंस. सविस्तरच सांगतो भावा.

परवानगी बहुतेक ठिकाणी लागतेच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांचे घराचे नियम आयआरसी नावाच्या मॉडेल कोडवरनं, म्हणजे नमुना नियमावलीवरनं, आलेत. त्यात सूट कुणाला, तर डेक २०० चौरस फुटांच्या आत, जमिनीपासून ३० इंचांच्या वर नाही, घराला जोडलेला नाही आणि घरातनं बाहेर पडायच्या मुख्य दाराशी नाही, आणि हे चारही एकदम जुळायला पाहिजे. तुझा डेक घराला जोडून, म्हणजे सूट गेलीच. त्यातनं प्रत्येक शहर, टाउनशिप आपलं थोडं वेगळं ठरवते, म्हणून तिथल्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करून विचार. सोसायटी म्हणजे एचओए असेल तर तिची मंजुरी वेगळी.

एजंट नको. आपल्याकडं उतारा, एनए, लेआउट आणि कागद सगळे कन्नडमधून, त्यामुळं माणूस आधी एजंटच गाठतो, इथं स्वतः राहतोस त्या घराचं परमिट स्वतःच्या नावानं काढता येतं. घर घेताना सर्व्हेचा नकाशा मिळाला तर जपून ठेव, त्याच्यावरच डेक काढून हद्दीपासून किती फूट सोडलंय ते दाखवायचं. दुसरं ड्रॉइंग लाकडाचं, जॉइस्ट म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळया केवढ्या, किती अंतरावर, खांबांचे खड्डे किती खोल, रेलिंग किती उंच. डीसीए ६ नावाची गाइड फुकट मिळते, तिच्यात हे सगळं तक्त्यात आहे, ती आधी वाच.

आता पायाचं. आपल्याकडं मुरूम लागला की पाया झाला म्हणतात, इथं तसं नाही. थंडीत जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरवर बसवलेला खांब उचलून धरतं, मग डेक वाकडा होतो, म्हणून मिशिगनात ४२ इंच खाली जावं लागतं. खणायच्या काही दिवस आधी ८११ या नंबरला फोन करून कळव, जमिनीखालच्या लाइनी कुठनं गेल्यात ते दाखवायला माणसं फुकट येऊन जमिनीवर रंग मारून जातात, पिवळा गॅस, लाल वीज, निळा पाणी. खड्डे झाले की इन्स्पेक्टर येऊन खोली बघतो, त्याच्या आधी काँक्रीट अजिबात ओतू नकोस, ओतलंस तर परत उकरायला लावू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं लेजर. म्हणजे घराच्या भिंतीला जी फळी मारून डेक तिच्यावर टेकवतात ती. डेक कोसळतात ते बहुतेक तिथंच सुटून, आणि सुटतात कधी, तर माणसं भरलेली असताना. उद्या गणपतीला वीस-पंचवीस जण पोरंबाळं घेऊन डेकवर उभे असतील ते डोळ्यासमोर आण. नुसते खिळे चालत नाहीत, बोल्ट नाहीतर जाड स्ट्रक्चरल स्क्रू पाहिजेत, फळीच्या वरनं फ्लॅशिंगचा पत्रा पाहिजे, नाहीतर पाणी मागं मुरून आतनं लाकूड कुजतं आणि बाहेरनं काही कळत नाही. ट्रीटेड लाकडातलं, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या लाकडातलं, केमिकल साधे खिळे खातं, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जाड जस्त चढवलेले) किंवा स्टेनलेसच घे. जॉइस्ट हँगरला, म्हणजे जॉइस्ट धरणाऱ्या लोखंडी पट्टीला सुद्धा कंपनीनं सांगितलेलेच खिळे, सांगितलेल्या सगळ्या भोकांत. फ्रेमिंगच्या, म्हणजे लाकडी सांगाड्याच्या, तपासणीला हेच बघतात, म्हणून वरच्या फळ्या मारायची घाई नको.

डेक ३० इंचांपेक्षा उंच असेल तर कमीत कमी ३६ इंची रेलिंग, आणि दोन दांड्यांतनं ४ इंचाचा चेंडू जाता कामा नये, हा नियम लहान पोरांचं डोकं अडकू नये म्हणून आहे, तुझी धाकटी चालायला लागलीय म्हणालास म्हणून मुद्दाम सांगतो.

अर्ज हिवाळा संपायच्या आतच टाक, वसंतात सगळेच टाकतात आणि रांग लागते.

आणि घेतोस त्या घराला आधीच डेक असला तर ऑफर द्यायच्या आधी शहराकडं त्याच्या परमिटची चौकशी कर, फायनल तपासणी होऊन ते बंद झालंय काय बघ. झालेलं नसेल तर विकणाऱ्याकडनंच पूर्ण करून घे, सही झाल्यावर ते तुझ्या गळ्यात पडतं.