डुकरांमध्ये ‘नवा विषाणू’ सापडला म्हणतात, तो नवा आहे हे ठरवतात कसं?

तुम्ही विचारलंय की डुकरांत नवा विषाणू सापडल्याच्या बातम्या येतात, तो नवा हे कोण आणि कशावरून ठरवतं? शिवाय तुमच्या वस्तीत डुकरं मोकाट फिरतात, तर घाबरायचं का? मी नागपुरात पशुवैद्यकी शिकलो आणि नंतरची काही वर्षं डुकरांची विष्ठा गाळण्यात घालवली. तेव्हा दोन्हींवर थोडं बोलू शकतो.

आधी आपल्या गावची गोष्ट. १९६५ साली नागपूर भागातल्या चांदीपुरा इथल्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू हाती लागला. आज तो चांदीपुरा याच नावानं ओळखला जातो. त्या काळी विषाणू शोधायचा म्हणजे तो आधी जिवंत पेशींवर वाढवावा लागे. जो वाढला नाही, तो सापडलाच नाही. आता वाढवण्यावाचून काही अडत नाही, सरळ त्याच्या डीएनए-आरएनएची अक्षरं, म्हणजे जनुकीय क्रम, वाचतात.

काम असं चालतं. नाग नदीच्या काठावरून डुकराच्या विष्ठेचा नमुना आला की तो पातळ करून अतिबारीक गाळणीतून गाळायचा. जिवाणू आणि पेशी मागे राहतात, विषाणू खाली उतरतात. मग त्यात मोकळा डीएनए खाऊन टाकणारं एन्झाइम घालायचं. विषाणूचा ऐवज प्रथिनाच्या कवचात असतो, म्हणून तो वाचतो. एवढं करूनही अक्षरं वाचणाऱ्या मशीनमधून जे बाहेर पडतं, ते दीड-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे, आणि त्यातले बरेचसे खुद्द डुकराचेच. ते काढून टाकायचे, उरलेले एकमेकांना जोडायचे आणि ही लांबलचक ओळ आधी कोणी नोंदवली आहे का, हे जागतिक संग्रहात शोधायचं.

माझ्या पहिल्याच नमुन्यात एका विषाणूचे तुकडे इतके निघाले की मला रात्री झोप आली नाही. सकाळी जुळवून पाहिलं तर तो मिरचीच्या झाडाचा विषाणू! डुक्कर हॉटेलांच्या मागचं खरकटं खात होतं. आमच्या मॅडम एवढंच म्हणाल्या, “अरे, सावजी खाऊन आलंय ते.” डबीवर तेच नाव पडलं. तेव्हापासून ‘डुकरात सापडला’ आणि ‘डुकराचा विषाणू आहे’ या दोन वाक्यांमधलं अंतर मी विसरलो नाही.

आता नवेपणाचं. विषाणूंच्या वर्गीकरणाची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आणि प्रत्येक गटाची रेघ ती वेगळी आखते. डुकरांतल्या सर्कोव्हायरसचं उदाहरण घ्या. गोल वळ्यासारखा डीएनए, जेमतेम दोन हजार अक्षरांचा. या गटात संपूर्ण क्रम आधीच्या कुठल्याही प्रजातीशी ८० टक्क्यांपेक्षा कमी जुळला, तर ती नवी प्रजाती. पहिला सर्कोव्हायरस १९७४ साली डुकराच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींत आगंतुकासारखा बसलेला आढळला. तो डुकरांना काही करत नाही. दुसरा मात्र दूध तोडलेली पिल्लं खंगवतो. १९९० च्या दशकात त्यानं वराहपालकांना रडवलं. तिसरा अमेरिकेत सापडला. गाभडणाऱ्या, अंगावर चट्टे आलेल्या माद्यांमध्ये दुसऱ्याची चाचणी निगेटिव्ह येत होती, म्हणून सगळंच वाचून काढलं, तेव्हा हा दिसला. चौथा २०१९ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात.

गंमत अशी की तिसरा जाहीर झाल्यावर स्पेनमधल्या लोकांनी फ्रीजरमधले जुने नमुने तपासले, तर तो १९९६ च्या नमुन्यातही होता. म्हणजे नवा कसला, डुकरांमध्ये तो आधीपासून नांदत होताच. वाचणारे आपण नवे. बातमीत हे कधीच येत नाही, आणि माझी खरी चिडचिड तिथेच आहे.

२०१७ पासून निव्वळ जनुकीय क्रमावरूनही प्रजातीला मान्यता मिळू शकते. मला हे पटतं, पण त्यामुळे नावं भराभर वाढली आणि ‘यानं रोग होतो का’ हा प्रश्न बराच मागे राहिला. तो सोडवायला निरोगी डुकरं, आजारी डुकरं, पेशीसमूह असं सगळं तपासावं लागतं. त्यात वर्षं जातात.

घाबरण्याबद्दल. डुकरांच्या या सर्कोव्हायरसमुळे माणसाला आजार होतो असं दिसलेलं नाही. २०१० मध्ये लहान मुलांच्या रोटाव्हायरस लशीत त्याच पहिल्या सर्कोव्हायरसचा डीएनए आढळला, तोही अशीच अक्षरं वाचताना. अमेरिकेत लस काही आठवडे थांबवली, तपासली आणि पुन्हा सुरू केली. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमधून भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर डुकरांचा कर्दनकाळ आहे, माणसाला होत नाही. नावात स्वाइन आहे म्हणून लोक त्याची स्वाइन फ्लूशी गल्लत करतात.

लक्ष ठेवायचं ते फ्लूवर. त्याचा जनुकीय ऐवज आठ तुकड्यांत असतो आणि एकाच डुकराला दोन फ्लू झाले तर तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ च्या साथीतल्या विषाणूचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांच्या फ्लूचे आणि दोन युरोप-आशियातल्या डुकरांच्या फ्लूचे निघाले. लक्ष ठेवायचा दुसरा आजार जपानी मेंदूज्वर. डुकरात तो विषाणू वाढतो आणि डासामार्फत माणसात येतो. म्हणून वस्तीत डुकरांइतकंच साचलेल्या पाण्याकडे बघा.

बाकी डुक्कर रस्त्यानं गेलं म्हणून तोंडाला रुमाल लावायची गरज नाही. एकाच आठवड्यात चार-पाच मेलेली दिसली, तर मात्र हात लावू नका, नाल्यात ढकलू नका, पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात कळवा. नमुना ताजा असेल तरच त्यातून काही वाचता येतं. दोन दिवस उन्हात पडलेल्या डुकरात, तेही नागपूरच्या मे महिन्यात, आम्हाला जिवाणूंशिवाय काही मिळत नाही.