दारू पिणाऱ्यांच्या टक्केवारीच्या जिल्हावार नकाशात गडचिरोली नागपूरपेक्षा गडद दिसतं, म्हणजे तिथे व्यसनी जास्त आहेत का?

एवढ्यावरून तसं म्हणू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातली ही टक्केवारी 'दारू पिता का' या प्रश्नावरची आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील सुमारे १४ टक्के पुरुष 'हो' म्हणाले, अरुणाचलात जवळपास ५३ टक्के. पिणं वेगळं, व्यसन वेगळं. २०१९ च्या एम्सच्या अहवालात देशात पिणारे सुमारे १६ कोटी, पण दारूपायी मदतीची गरज असलेले ५.७ कोटी.

रंगही फसवतो. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत पावणेअकरा लाख माणसं, क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरवर. नागपूर जिल्ह्यात साडेशेहेचाळीस लाख, क्षेत्रफळ दहा हजारांच्या आत. नकाशावर डोळा मोठ्या ठिपक्याकडेच जातो, पण टक्केवारी कमी असूनही प्रत्यक्ष आकडा नागपुरात जास्त भरू शकतो. व्यसनमुक्ती केंद्रं कुठे हवीत हे ठरवताना ही चूक फार महागात पडते.

शिवाय वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. बंदीच्या गावात दारात आलेल्या अनोळखी माणसाला 'हो, पितो' कोण सांगेल? मोहाची घरी गाळलेली तर विक्रीच्या आकड्यातही येत नाही. म्हणून टक्केवारीशेजारी लोकसंख्येचा नकाशा ठेवूनच बघा.