दीड वर्षाच्या पोराला रंग द्यायचे, पण भिंती वाचवून

अगं ताई, क्रेयॉनचा मोठा डबा आत्ता घेऊच नको, या वयात तुकडे सरळ तोंडात जातात. आधी झिपवाली जाड प्लास्टिकची पिशवी घे, आत पांढरा कागद टाक, त्यावर पिवळ्या अन् लाल पोस्टर कलरचे दोन-दोन चमचे, हवा काढून बंद कर अन् तोंडावर चिकटपट्टी लावून फरशीलाच चारही बाजूंनी चिकटव. पोरगं वरून हात दाबत राहते अन् हळूहळू आपल्या संत्र्याचा रंग तयार होते, माझी लेक तर त्याच्यावर वीस मिनिटं बसून राहायची! झालं की पिशवी लगेच उचलून वर ठेव, प्लास्टिक आहे, एकट्याच्या हातात नाही द्यायचं.

अन् सगळ्यात भारी म्हणजे नुसतं पाणी. मगात थोडं पाणी, हार्डवेअरच्या दुकानातला दोन इंची ब्रश अन् अंगणातली फरशी, बस. आपल्या नागपुरात मे मध्ये पारा 45 ला टेकते त्यामुळे ओलं चित्र बघता बघता उडून जाते, पोरांना तेच जादूसारखं वाटते अन् ते परत रंगवतात. फक्त ऊन उतरल्यावरच ने, दुपारी फरशी तव्यासारखी तापते, पाय भाजतील. अन् पाणी कमी असलं तरी तू तिथंच बस बरं.