लिखित रोलप्ले (एकेक पात्र घेऊन पाळीपाळीने मिळून गोष्ट लिहिण्याचा खेळ) सुरू करायचा आहे, पण पहिली पोस्ट टाकायलाच हात धजावत नाही. सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की कथा लिहायचा सराव आहे, चार-पाच चालू खेळ वाचून झालेत, पात्रही डोक्यात तयार आहे. एकदा धीर करून पोस्ट टाकली, तर समोरून कुणी उत्तरच दिलं नाही. असं होण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: त्या पोस्टमध्ये समोरच्याला करण्यासारखं काही सापडत नाही, भाषा कितीही सुंदर असली तरी. कथा आपण वाचकासाठी लिहितो. रोलप्लेतली पोस्ट दुसऱ्या लेखकासाठी असते, आणि त्याला त्यातलं काहीतरी उचलून पुढे न्यायचं असतं. खाली जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी खेळ निवडा. नवख्या माणसाने दोघांचा, फार तर तिघांचा खेळ घ्यावा असं माझं ठाम मत आहे. हिशेब सोपा आहे. सहा जणांच्या खेळात प्रत्येकाने पाळीसाठी दोन दिवस घेतले, तर एक फेरी पूर्ण व्हायला बारा दिवस लागतात. एखादं पात्र 'कोण आहे तिकडे?' असं विचारतं आणि त्याचं उत्तर दोन आठवड्यांनी मिळतं. तोवर विचारणाऱ्याचा उत्साह मावळलेला असतो. मोठे खेळ बंद पडतात ते बहुतेक याच कारणाने, भांडणं वगैरे क्वचितच. अशी संथ पाळीपद्धत टपालाने खेळल्या जाणाऱ्या खेळांतही होती. 'डिप्लोमसी' हा १९५९ सालचा पटावरचा खेळ १९६३ पासून पत्रांनी खेळला जायचा, आणि तिथेही एकाची चाल उशिरा आली की सगळे खोळंबायचे. त्यावर तेव्हा निघालेला उपाय आजही चालतो: मुदत आधी ठरवायची, आणि ती उलटली की कुणासाठी न थांबता पुढे जायचं. दोघांच्या खेळात तीन दिवस, गटात ४८ तास ही मुदत बहुतेकांना जमते.

दुसरी निवड फासे हवेत की नकोत याची. फासे नसलेल्या खेळाला फ्रीफॉर्म म्हणतात. तिथे काय घडलं हे दोघं मिळून लिहिण्यातूनच ठरवतात. सुरुवातीला हेच घ्या, कारण नियमांचं पुस्तक वाचण्यात वेळ जात नाही. मात्र हाणामारी, पाठलाग, जुगार असल्या प्रसंगांत कोण जिंकलं यावर घोळ होतो. तिथे साधे दोन फासे पुरतात: बेरीज १० किंवा जास्त आली तर जमलं, ७ ते ९ आली तर जमलं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा कमी आली तर फसलं. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ वेळा पहिला निकाल लागतो, बाकीचे दोन्ही प्रत्येकी १५ वेळा. म्हणजे निखळ यश दुर्मीळ राहतं आणि गोष्ट अडखळत, वळणं घेत जाते. लिहायला तेच बरं पडतं.

आता पात्र. नवीन लोक हमखास चुकतात ते इथे. पाच-सहा पानांचा पूर्वेतिहास लिहितात, आईवडील मेलेले, गाव जळलेलं, आणि असं हे पात्र खेळात येऊन कोपऱ्यात गप्प बसतं. कुणाशी बोलत नाही, कुणाची गरज नाही. कथेत असं पात्र चालून जाईल, रोलप्लेत ते दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं होतं, कारण त्याला बोलतं करण्याचं सगळं काम समोरच्यावर पडतं. पात्राची माहिती ३०० ते ४०० शब्दांत बसवा आणि त्यात इतकं पक्कं करा: त्याला आज, या प्रसंगात काय हवंय, ते एकट्याने का मिळत नाही, त्याला कशाची भीती आहे किंवा काय जमत नाही, आणि एक गोष्ट जी ते लपवतंय. त्यातलं 'एकट्याने का मिळत नाही' हे सगळ्यांत महत्त्वाचं. त्यानेच ते दुसऱ्या पात्रांकडे ढकललं जातं. पूर्वेतिहास मुद्दाम अर्धवट सोडा. पुढे कुणी म्हणालं की 'आपण एका सैन्यात होतो', तर हो म्हणायला जागा राहते.

पहिल्या पोस्टचं एक उदाहरण जवळून पाहू. समजा, रात्रीची वेळ आहे, किल्ल्याचा दरवाजा बंद आहे. पहारेकरी समोरच्या लेखकाचं पात्र आहे. तुमचं पात्र कावेरी, तिला आत जायचंय. नवखा माणूस असं लिहितो:

'कावेरी दरवाज्यापाशी आली. तिने पहारेकऱ्याच्या हातातला भाला हिसकावला आणि तो घाबरून मागे सरकला. याने लाच खाल्ली आहे हे तिला ठाऊक होतं.'

तीन वाक्यांत तीन चुका झाल्यात. भाला हिसकावला गेला की नाही, हे पहारेकऱ्याच्या लेखकाने सांगायचं होतं. तो घाबरला, हेही त्यानेच. दुसऱ्याचं पात्र असं परस्पर चालवण्याला पॉवरप्ले म्हणतात. आपलं पात्र कधी हरतच नाही, त्याला मार लागतच नाही, अशा लिखाणाला गॉडमोडिंग म्हणतात. दोन्ही शब्द बरेच जण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तिसरी चूक लाचेची. ती गोष्ट तुम्ही पहारेकऱ्याच्या माहितीत वाचली, कावेरीने नाही. लेखकाला माहीत असलेलं पात्राच्या तोंडी घालणं म्हणजे मेटागेमिंग. हे नकळत होतं, म्हणून पाठवण्याआधी स्वतःला विचारायचं: माझ्या पात्राने हे कधी पाहिलं, कुणाकडून ऐकलं? उत्तर नसेल तर वाक्य खोडा.

आता तीच पोस्ट अशी पाहा:

'पावसाने भिजलेला पदर डोक्यावर ओढून घेत कावेरी दरवाज्याशी थांबली. मशालीच्या उजेडात तिला भाल्याचं पातं आधी दिसलं, माणूस नंतर. "दादा, आत जाऊ द्या. किल्लेदारांच्या लेकाला ताप चढलाय, औषध घेऊन आलेय," ती म्हणाली आणि बोलता बोलता कमरेची थैली तिने डाव्या हाताने झाकली. उशीर झाला होता. थैलीतून पायरीवर पडणारे थेंब काळपट लाल होते.'

पहारेकऱ्याच्या लेखकाला इथे किती वाटा मिळाल्या ते मोजा. तो दार उघडेल किंवा अडवेल. मुलगा खरंच आजारी आहे का, हे आतून विचारून घेईल. थेंब त्याला दिसतील किंवा दिसणार नाहीत, आणि दिसले तरी तो गप्प राहून तिला आत सोडू शकेल. यातलं काय व्हावं हे कावेरीच्या लेखकाने ठरवलेलं नाही. दोन-तीन धागे बाहेर सोडलेली अशी पोस्ट मिळाली की समोरचा त्याच दिवशी लिहायला बसतो.

मारामारीतही हाच नियम: प्रयत्न तुमचा, परिणाम समोरच्याचा. 'तिने सुरा त्याच्या खांद्यात खुपसला' असं लिहायचं नाही. 'तिने सुरा त्याच्या खांद्याच्या रोखाने चालवला' इथे थांबायचं. आणि आपली पाळी आली की कधीतरी फटका खायचा. तीन वार आले तर निदान एक लागू द्या. जो लेखक हरायला तयार असतो त्याच्यासोबत सगळ्यांना लिहावंसं वाटतं.

लांबीचं फार टेन्शन घेऊ नका. सुरुवातीच्या पोस्टला १५० ते ३०० शब्द लागतात, कारण जागा, वेळ, हवामान आणि कोण कुठे उभं आहे हे मांडायचं असतं. पुढे समोरच्याच्या लांबीच्या जवळपास राहा. त्याने दोनशे शब्द लिहिले आणि तुम्ही 'ती हसली आणि आत गेली' एवढंच लिहिलं, तर त्याच्या हातात काही उरत नाही. उलट टोकही वाईट. सहाशे शब्दांची पोस्ट, त्यात पाचशे शब्द पात्राच्या मनातले विचार. मनातलं समोरच्या पात्राला ऐकू येत नाही, मग त्याने उत्तर कशाला द्यायचं? विचार लिहा, पण त्याची एखादी खूण बाहेर दिसू द्या: आवाज चढला, नजर दाराकडे गेली, हातातला पेला ठेवताना आदळला.

उत्तर लिहिताना आणखी एक गुंता होतो, त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. समोरच्याच्या पोस्टमध्ये तीन संवाद असतील आणि तुम्ही तिन्हींना उत्तर दिलं, त्याने पुन्हा तिन्हींना, तर एकाच क्षणात तीन संभाषणं समांतर चालू राहतात आणि काळ पुढे सरकतच नाही. पोस्ट दोनदा वाचा, सगळ्यांत शेवटी जे घडलं तिथून सुरू करा, मागचा फार तर एक मुद्दा उचला. बाकीचे सोडून दिलेले चालतात. महत्त्वाचे असतील तर समोरचा पुन्हा काढेलच.

मराठीत खेळणार असाल तर भाषेचे दोन-तीन निर्णय आधीच घ्यावे लागतात. तृतीय पुरुष, भूतकाळ ठेवा: 'ती थांबली', 'त्याने विचारलं'. सगळ्यांनी एकच काळ ठेवला तर सलग वाचता येतं. पात्र स्त्री की पुरुष हे लपवायचं असेल तर मराठी क्रियापद लगेच चुगली करतं, 'मी आलो' की 'मी आले' यातच सगळं उघड होतं. मग 'बुरखेधारी व्यक्ती आली', 'सावली पुढे सरकली' असे नाम धरून रचलेले प्रयोग शोधावे लागतात. आणि पात्रं एकमेकांना 'तू' म्हणणार की 'तुम्ही', हे पहिल्या संवादाआधी ठरवा. वरच्या प्रसंगात कावेरी 'जाऊ द्या' म्हणते. चार पोस्टनंतर ती 'जाऊ दे' म्हणाली, तर तेवढ्या एका बदलाने नातं कुठे पोचलं ते कळतं. हे हत्यार चुकून वाया घालवू नका.

तांत्रिक बाबी थोडक्यात. पोस्ट आधी नोट्समध्ये लिहा आणि मग चिकटवा. पान रिफ्रेश होऊन तासाभराचं लिखाण गेलं की पुन्हा तेच लिहायला मन होत नाही. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर एका मेसेजला साध्या, मोफत खात्यासाठी २००० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलंत वेगळे मोजले जातात. 'किल्ला' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण मोजणीत सहा चिन्हांचा. त्यामुळे मराठीत साधारण अडीचशे-पावणेतीनशे शब्दांनंतर पोस्ट दोन भागांत पाठवावी लागते. भाग परिच्छेदाच्या शेवटी तोडा, आणि पहिल्याच्या तळाशी 'पुढे चालू' लिहा, नाहीतर समोरचा मध्येच उत्तर देऊन बसतो.

पात्राबाहेरचं बोलणं, म्हणजे ओओसी ('आउट ऑफ कॅरेक्टर'), दुहेरी कंसात लिहायची रूढी आहे: ((उद्या प्रवासात आहे, परवा लिहितो)). त्यासाठी वेगळी जागा असेल तर तिथेच लिहा. खेळ सुरू करण्याआधी पाच मिनिटं असंच बोलून घ्या: किती दिवसांनी लिहिणार, प्रसंग साधारण कुठे न्यायचा, आणि कोणते विषय नकोत. जे अजिबात नको ते 'लाइन', जे घडलेलं चालेल पण वर्णन नको ते 'व्हेल', म्हणजे पडदा. उदाहरणार्थ, छळाचा प्रसंग पडद्याआड, आणि लहान मुलांना इजा अजिबात नाही, असं स्पष्ट लिहून ठेवा. खेळ चालू असताना काही खटकलं तर ((इथे थांबूया, दुसरीकडे वळवू)) एवढं पुरतं; का, ते विचारायचं नाही. चांगला जोडीदार ते लगेच मान्य करतो. जो हुज्जत घालतो, त्याच्यासोबतचा खेळ तिथेच बंद करा.

वयाची अट असेल तर काटेकोर पाळा, आणि प्रेमप्रसंग किंवा प्रौढ विषय दोघंही सज्ञान आहेत हे पक्कं नसेल तर नकोच. खरं नाव, शाळा-ऑफिस, फोन नंबर, फोटो यातलं काही देऊ नका, सहा महिने सोबत लिहीत असलात तरी. पात्र चिडलं म्हणजे लेखक चिडला असं नसतं, हे डोक्याला कळतं पण मनाला कधीकधी कळत नाही. त्यामुळे कडाक्याच्या भांडणाचा प्रसंग लिहून झाला की पात्राबाहेर येऊन एक ओळ टाका: ((मजा आली, तुमचं शेवटचं वाक्य जबरदस्त होतं)). त्याने नवख्याची धाकधूक एकदम जाते.

खेळ रखडला तर आधी स्वतःची शेवटची पोस्ट वाचा. तिच्या शेवटी कृती, प्रश्न किंवा बाहेरून आलेली घटना आहे का? नसेल तर ((थोडं बदलू का?)) विचारून दोन ओळी जोडा: दारावर थाप पडली, मशाल विझली, दूर शिंग वाजलं. असेल, आणि तरी आठवडाभर उत्तर नसेल, तर एकदाच हळूच विचारा. दुसऱ्यांदा नको. माणसांच्या परीक्षा असतात, घरात आजारपण असतं. तुम्हाला स्वतःला सोडावं लागलं तर गायब होऊ नका. 'कावेरीला निरोप आला आणि ती पहाटेच निघून गेली' अशी एक पोस्ट टाका, म्हणजे पहारेकऱ्याच्या लेखकाला पुढे जाता येतं.

पहिला खेळ सुरुवातीलाच दहा-बारा पोस्टचा ठरवून घ्या: एक जागा, एक रात्र, दोन पात्रं, आणि दार उघडलं किंवा नाही उघडलं की प्रसंग संपला. तो पूर्ण झाला की त्याच जोडीदाराला दुसरा प्रसंग लिहायचा का विचारा. मनासारखा जोडीदार मिळणं अवघड असतं, आणि एक प्रसंग नीट तडीस नेलेल्याला तो सहसा हो म्हणतो.