बीडच्या ट्रेकरने कॅनडाच्या वेस्ट कोस्ट ट्रेलची तयारी कशी करावी?

बालाघाटाच्या डोंगरांत भटकलेल्या माणसाला व्हँकुव्हर बेटावरील या 75 किलोमीटरच्या वाटेवर दम कमी पडणार नाही. अडचण येते ती ओलाव्याची. जहाजबुडीतून किनाऱ्याला लागलेल्यांच्या सुटकेसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारलेल्या या वाटेवर गुडघाभर चिखल, शेवाळलेले ओंडके आणि अनेक उंच शिड्या आहेत, त्यामुळे पाठीवर 15 किलो वजन घेऊन पावसाळ्यात गौताळ्याच्या निसरड्या वाटा तुडवणे हा उत्तम सराव ठरतो. खरी गोम मात्र भरती-ओहोटीची आहे, आणि समुद्रच नसलेल्या मराठवाड्यात तिचा अंदाज येणे कठीणच: किनाऱ्यावरचे ओवेन पॉइंट हे खडकाळ टोक भरतीची पातळी 1.8 मीटरच्या खाली असतानाच ओलांडता येते, म्हणून दिवसाची चाल भरतीच्या तक्त्यावरूनच बेतावी. ओढा ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे तोल गेल्यास ती चटकन झटकता येते. अस्वलांमुळे खाण्याचा कोणताही पदार्थ, अगदी टूथपेस्टसुद्धा, रात्री तंबूत ठेवू नये. आपल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास तर लपतच नाही. परवाना आधी आरक्षित करावा लागतो आणि वाट 1 मे ते 30 सप्टेंबर एवढाच काळ खुली असते.