माशाला जिवाणूंचाच संसर्ग झालाय हे ओळखायचं कसं?

तोंडाशी पांढरा कापूस, दोन माशांच्या अंगावर लाल चट्टे. हे जिवाणूच का, आणि कोणते, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या डोळ्यांनी फार तर संशय घेता येतो. नाव हवं असेल तर सूक्ष्मदर्शक लागतोच.

त्याआधी पाणी तपासा. अमोनिया वाढला किंवा ऑक्सिजन उतरला की बहुतेक सगळे मासे एकदम बिघडतात. संसर्गात सहसा आधी एखाददुसरा पडतो, मग बाकीचे.

आता तो कापूस. त्याला सर्रास बुरशी म्हणतात आणि बुरशीचंच औषध ओततात. अनेकदा तो कॉलमनॅरिस निघतो, म्हणजे फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलमनेअर हा जिवाणू. डाग हलकेच खरवडून पाण्याच्या थेंबात ४०० पट मोठा करून बघा. बुरशीचे जाड, फांद्या फुटलेले धागे दिसतात. कॉलमनॅरिसच्या लांब, बारीक काड्या सरपटतात आणि थोड्या वेळाने गवताच्या गंजीसारखे ढीग करतात. एकदा पाहिलं की विसरत नाही.

लाल चट्ट्यांचं एवढं सोपं नाही. पहिला संशय एरोमोनास या जिवाणूवर जातो, पण तो पाण्यात एरवीही असतोच. मी सुरुवातीला उघड्या जखमेवरून बोळा फिरवला, तो जिवाणू वाढवायच्या प्लेटवर टेकवला, तिथे पाच तऱ्हेच्या वसाहती (जिवाणूंचे ठिपके) आल्या, त्यातला एरोमोनास उचलून मी मोठ्या ऐटीत 'गुन्हेगार' ठरवला. त्याने काहीच सिद्ध झालं नव्हतं. नमुना मूत्रपिंडातून घ्यायचा, पाठीच्या कण्याला खालून चिकटलेला तो गडद लाल पट्टा. निरोगी माशात तिथे जिवाणू नसावेत, म्हणून तिथून एकाच जातीची भरघोस वाढ आली तर तिला अर्थ आहे. मासा मरणपंथाला लागलेला असावा, मेलेला नको. मेल्यावर आतड्यातले जिवाणू काही तासांत सगळीकडे पसरतात. प्लेट २५ ते २८ अंशांवर ठेवा. माणसांच्या नमुन्यांच्या सवयीने ३७ वर ठेवली तर माशांचे काही जिवाणू उगवतच नाहीत. कॉलमनॅरिसला तर नेहमीचं सकस माध्यम चालत नाही, कमी पोषकांचं लागतं.

मग ग्रॅम रंजन, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट पाडणं: जांभळे ते ग्रॅम-धन, गुलाबी ते ग्रॅम-ऋण. ग्रॅम-ऋण दंडाणू (काडीसारखे जिवाणू) आणि ऑक्सिडेज या विकराची चाचणी होकारार्थी, तर एरोमोनासची शक्यता मोठी. नकारार्थी, तर एडवर्डसिएला या जिवाणूचा विचार करा. ग्रॅम-धन गोलाणूंच्या साखळ्या दिसल्या आणि मासा डोळे बटबटीत होऊन गोल गोल फिरत असेल, तर स्ट्रेप्टोकोकस. प्रतिजैविक कोणतं द्यायचं ते त्याच वसाहतीवर संवेदनशीलता चाचणी (कोणत्या औषधाने वाढ थांबते ते पाहणं) करून ठरवा. खवले उभे राहून मासा पाइनच्या फळासारखा दिसतो, त्याला लोक रोगाचं नाव समजतात. ते शरीरात पाणी साठल्याचं लक्षण आहे, कारण वेगवेगळं असू शकतं.

मासा आठवडेच्या आठवडे वाळत चालला असेल आणि पोट उघडल्यावर अवयवांवर बारीक पांढऱ्या गाठी दिसल्या तर आम्ल-स्थिर रंजन (आम्लाने धुतल्यावरही रंग धरून ठेवणारे जिवाणू दाखवणारं) करा, तो मायकोबॅक्टेरियम, म्हणजे क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद, असू शकतो. हा हाताच्या जखमेतून माणसालाही लागतो, तेव्हा हातमोजे आधी घाला, सुरी नंतर उचला.